तारबाईंची पोच

तारबाई फोन उचलल्यावर 'हॅलो' म्हणत नसत. "पोचलं, बोला," म्हणत. आपलं बोलून झालं की पुन्हा "पोचलं" म्हणायच्या आणि गप्प बसायच्या. मग आपणही "पोचलं" म्हटल्याशिवाय फोन ठेवायच्या नाहीत. मला हे कळायला दोन महिने लागले. तोवर आम्ही दोघी कितीतरी वेळा फोन कानाला लावून एकमेकींचा श्वास ऐकत बसलो होतो.

मागच्या आठवड्यात मी वाचनालयातून व्हिडिओ कॉल केला तेव्हा तुम्ही दोघांनी माझ्यामागचा तो पिवळा पडलेला प्रिंटर पाहिलात आणि हसलात. "आजी, हा तुझ्यापेक्षा म्हातारा आहे का?" आणि "हा अजून फेकून का देत नाहीस?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे, आणि त्यासाठी तारबाई कोण होत्या ते सांगायला हवं.

गोष्ट क्रमाने सांगायची ही माझी सवय. कॉलेजात इंग्रजी शिकवताना मी आयुष्यभर फळ्यावर आधी तारीख, मग विषय, मग मुद्दे लिहिले. पण तारबाई क्रमाने आठवत नाहीत. आधी त्यांचं घड्याळ आठवतं. मोठ्या तबकडीचं, पुरुषी, मनगटाच्या आतल्या बाजूला वळवलेलं. मग पर्समधला स्क्रूड्रायव्हर आणि त्याच्याच शेजारी रुमालात बांधलेली भाजलेली जवस. मग बोटं. कुठेही बसल्या की उजव्या हाताचं मधलं बोट टेबलावर टकटक करायचं. एकदा मी विचारलं, "काय वाजवताय?" त्या म्हणाल्या, "तुमच्या अध्यक्षबाईचं भाषन. कामाचे शब्द निवडून राहिली. अजून तीनच झाले."

त्या मूळच्या खाप्याच्या. सारी नोकरी नागपूरच्या तार ऑफिसात. सुरुवातीला कडकट्ट, म्हणजे ती ठोक्यांनी तार पाठवायची किल्ली, मग टेलिप्रिंटर, मग संगणक. निवृत्तीनंतर आमच्या वस्तीतल्या वाचनालयात आल्या त्या एक पुस्तक बदलायला, आणि खिडकीचा अडकलेला कूलर दुरुस्त करून गेल्या. दुसऱ्या दिवशी पुस्तक न्यायला आल्या आणि राहिल्या. त्यांचं नाव सभासदांच्या यादीत होतं, पण सगळे त्यांना तारबाईच म्हणत. माझ्यासाठी त्या तारबाई आणि त्यांच्यासाठी मी मॅडम. शेवटपर्यंत यात बदल झाला नाही.

विशेषणांचा त्यांना राग होता. मी वार्षिक अहवालात "अत्यंत उत्साही वातावरणात" असं लिहिलं होतं. त्यांनी टाइप करताना ते उडवलं. मी जाब विचारला तर म्हणाल्या, "सभा झाली का नाई? झाली. मंग 'सभा झाली' पुरते."

आता मोठ्या अक्षरांच्या अंकाबद्दल. तो आम्ही दोघींनी सुरू केला. वाचनालयाचे जुने वाचक एकेक करून येईनासे झाले होते. घरी चौकशी केली तर पाय ठीक होते, डोळे गेले होते. पूर्ण नव्हे, पण पुस्तकातलं अक्षर दिसेनासं झालं होतं आणि तसं सांगायची लाज वाटत होती. म्हणून आम्ही ठरवलं, दर गुरुवारी आठ-दहा पानांचा एक अंक काढायचा. वाचकांच्याच आठवणी, वस्तीतल्या बातम्या, एखादी कृती, माझा एखादा लेख. छापून चौदा घरी नेऊन द्यायचा.

यात तारबाईंची मेख अशी, की प्रत्येकाचं अक्षर वेगळं. "चपला सगळ्याले एकाच नंबरच्या देता का?" त्या म्हणाल्या. त्यामुळे एक प्रत काढून झेरॉक्स करायची सोय राहिली नाही. चौदा वाचक, चौदा मापं. ती मापं घ्यायला त्या स्वतः घरोघर गेल्या. त्यांच्याकडे एक कागद असायचा. त्यावर वरून खाली लहान होत जाणाऱ्या ओळी. वाक्यं मी लिहून देत असे, अगदी साधी. "आज तुरीच्या डाळीत मीठ जास्त झालं." "बाजूच्या घरी पाहुणे आले, पण चप्पल एकच दिसली."

एक निवृत्त इंजिनिअर होते. त्यांनी शेवटची, मुंगीएवढी ओळसुद्धा खडाखडा वाचून दाखवली. तारबाई उठल्या, घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी नवा कागद घेऊन परत गेल्या. त्यात मिठाच्या जागी साखर होती. इंजिनिअरसाहेबांनी पुन्हा मीठच वाचलं.

"अठ्ठावीस लिहितो, साहेब," तारबाई म्हणाल्या.

"पण मी वाचलं की!"

"वाचलं नाई, म्हणून दाखवलं. सुनेनं पाठ करून घेतलं असन. हरकत नाई. अठ्ठावीस."

ही सगळी मापं एका जाड रजिस्टरात. नाव, घर, अक्षराचं माप आणि शेरा. शेरे वाचण्यासारखे होते. "डावा डोया. पिवया कागद पाह्यजे." "दिसते म्हन्ते, दिसत नाई." "रडली. दुसऱ्या दिवशी गेली तं हासली." त्या बोलत तशाच लिहीत. ते रजिस्टर त्या कोणाला देत नसत. मीही गमतीने म्हटलं, "माझंही माप घ्या." मी शेवटच्या ओळीपर्यंत न थांबता वाचलं. त्या म्हणाल्या, "पोचलं," रजिस्टरात काहीतरी लिहिलं आणि मिटलं.

प्रिंटर हा लेझर होता. एका बंद झालेल्या ऑफिसातून वाचनालयाला मिळालेला, दोन माणसांनी उचलावा असा जड. संगणकही जुना. त्यातली विकतची प्रणाली आता नवी होणार नाही, असं पडद्यावर येऊ लागलं, तेव्हा सगळे म्हणाले नवा घ्या. तारबाई सीताबर्डीच्या बाजारात जाऊन एक पेन ड्राइव्ह घेऊन आल्या आणि दोन दिवस दार लावून बसल्या. बाहेर आल्या तेव्हा संगणकावर लिनक्स ही फुकटची प्रणाली होती. वय तेव्हा सत्तरीला टेकलेलं. मी विचारलं, हे कसं जमवलंत? "याचं झाकन उघडते, मॅडम. आत काय चाललं ते पाहता येते. बंद पेटीवर माहा भरोसा नाई."

सगळं चाललं. फक्त छपाई संथ झाली. पान यायचं, मग प्रिंटरचा हिरवा दिवा लुकलुकत राहायचा, शांतता. मग दुसरं पान. चौदा जणांची मिळून शंभरावर पानं. गुरुवारी सकाळी दहाला सुरुवात केली की तीन वाजायचे. त्यातून मे महिन्यात कूलरच्या ओलसर हवेने कागद सर्द व्हायचे आणि अडकायचे, म्हणून तारबाई कूलर बंद करायला लावायच्या. नागपूरचा मे, कूलर बंद, आणि आम्ही दोघी ओल्या पंच्याने मान पुसत एकेक पान येण्याची वाट बघतोय. आमच्यापैकी कुणीही तक्रार केली नाही. खोलीत येणाऱ्या इतरांनी केली.

आमच्या अध्यक्ष तुमच्या आईच्या वयाच्या. हुशार, कामाला वाघ. त्यांच्यावर मी रागावले होते, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. समितीच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "काकू, गुरुवारी मला ती खोली पाहिजे. परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुली व्हरांड्यात बसून राहिल्या आहेत. आणि आत तुमची मशीन दिवसभर घरघर करते."

"घरघर नाई करत," तारबाई म्हणाल्या. "बहुत वेळ तं गपच बसते."

"तेच तर! गप्प बसणाऱ्या मशीनसाठी खोली अडवायची का? मी अंक बंद करा म्हणत नाही. आपण तो आवाजात रेकॉर्ड करू. सगळ्यांच्या घरी फोन आहे. एक बटण दाबलं की चौदा घरी पोचला. आरामात पडून ऐकतील."

बैठकीतल्या बायकांनी माना डोलावल्या. खरं सांगते, माझीही मान अर्धी डोलली होती.

तारबाई उभ्या राहिल्या. त्या बैठकीत कधी उभ्या राहत नसत. "ऐकनं वेगळं, वाचनं वेगळं. ऐकतानी दुसऱ्याचा आवाज घरात येते. वाचतानी आपलाच असते. डोये गेले म्हनून मानसाचा आवाजही काहून काढून घेता जी?"

मग त्यांनी नरखेडच्या आजींचं सांगितलं. या आजी नरखेड तालुक्यातल्या, संत्र्याची बाग मुलाकडे सोपवून नागपुरात लेकीकडे राहायला आलेल्या. त्यांचं अक्षर छत्तीसचं, म्हणजे एका पानावर जेमतेम दहा ओळी. "घरात दिवसभर टीव्ही चालते, लेक बोलते, नातू बोलते. सगळे तिले ऐकवूनच राहिले आहेत. गुरुवारी ती दार लावून घेते. बोट ठेवून ठेवून वाचते. तेवढा एक तास तिले कोनी काही ऐकवत नाई. तो तास तुम्ही घेऊन राहिल्या."

अध्यक्षबाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "ठीक आहे. एक महिना. पुढच्या महिन्यापासून गुरुवारी दहा ते अकरा खोली तुमची. तासाभरात सगळा अंक निघाला तर तो छापूनच जाईल. नाही निघाला तर आवाज."

"पोचलं," तारबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पाच तासांचं काम एका तासात. आमच्या हातात चार गुरुवार.

पहिल्या आठवड्यात त्यांनी वायर बदलली. काही फरक नाही. मी म्हटलं, "सगळी पानं एकत्र का नाही पाठवत? तुम्ही एकेक पान वेगळं काम म्हणून पाठवता."

"एक तार, एक पोच," त्या म्हणाल्या. "साठावं पान अडकलं, तं कोनतं गेलं, कोनतं राह्यलं, कोनाले ठाऊक? शंभर तारा एका थैलीत घालून मी कधी पाठवल्या नाई."

दुसऱ्या आठवड्यात माझं इंग्रजी कामाला आलं. लिनक्सबद्दलची मदत सगळी इंग्रजीत, जगभरच्या लोकांनी एकमेकांना लिहिलेली, आणि तारबाईंना तारेचंच इंग्रजी येत होतं. मी वाचायचं, गाळायचं, मराठीत सांगायचं. त्यातून कळलं की आपली देवनागरी अक्षरं या प्रिंटरला अक्षरं म्हणून कळतच नाहीत. संगणक आख्खं पान चित्र करून पाठवतो, इंचाला बाराशे ठिपक्यांनी, आणि प्रिंटरची स्मरणशक्ती तेवढी नाही. तारबाईंनी ठिपके निम्मे केले. "बोटाएवढ्या अक्षराले इतकी नक्षी कायले?" त्या गुरुवारी पाच तासांचे अडीच झाले. आम्ही खूश झालो, पण अडीच म्हणजे एक नव्हे.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी छपाईची नोंद उघडली. संगणक आपण काय करतो ते सेकंदासकट एका फाइलीत लिहीत असतो. त्यांनी त्याला आज्ञा दिली की काहीही न लपवता लिही, आणि मग पडद्यावर फूटपट्टी धरून ते शेकडो ओळींचं, तारेसारखं तुटक इंग्रजी त्या अशा वाचायला लागल्या, जसं तुम्ही आपल्या मित्रांचे निरोप वाचता. अचानक फूटपट्टी थांबली.

"मॅडम, हे पाहा. पान चार सेकंदात गेलं. मंग एक मिनिट काहीच नाई. मंग दुसरं पान. हे वाट पाहून राहिलं."

"कोणाची?"

"पोचेची!" त्या टाळी वाजवायच्याच बाकी होत्या. "पान गेलं की हे प्रिंटरले विचारते, मियालं का? अन् उत्तर येईपर्यंत दुसरं पाठवत नाई. शिस्तीचं आहे, मॅडम! आपल्या जातीचं आहे!"

दोष सापडला होता, पण तारबाईंना तो दोष वाटेना. त्यांच्या मते चूक होती ती उत्तर न देणाऱ्या प्रिंटरची. पुढचे पाच दिवस त्या प्रिंटरला बोलता करण्याच्या मागे लागल्या. त्याचं तोंड साफ केलं. पाठ उघडली. सेटिंगच्या प्रत्येक घरात जाऊन आल्या. मी रोज कॅलेंडरकडे बघत होते. शेवटचा गुरुवार दोन दिवसांवर आला होता.

मंगळवारी मला ते पान सापडलं. लिहिणारा कुठल्या तरी थंड देशातला होता. काही जुने प्रिंटर, त्याने लिहिलं होतं, मुळात उत्तर द्यायला शिकलेलेच नसतात. संगणक विचारतो, हे गप्प राहतात, आणि तो वाट बघून बघून शेवटी कंटाळून पुढे जातो. लिनक्समध्ये अशा विक्षिप्त प्रिंटरांची एक यादीच आहे. त्यात आपल्या प्रिंटरचा क्रमांक लिहायचा आणि पुढे एकच शब्द, ज्याचा अर्थ होतो एकेरी. म्हणजे नुसतं पाठव. विचारू नकोस.

मी हे तारबाईंना सांगितलं. वाटलं, उडी मारतील. त्यांनी फूटपट्टी पर्समध्ये ठेवली.

"पोच न घेता कसं पाठवाचं जी?"

"तारबाई, ही तार नाही. कागद आहे."

"तुम्हाले ठाऊक नाई." त्या खिडकीकडे बघून बोलत होत्या. "नोकरीले लागून वर्षही झालं नव्हतं. एका बाप्याची तार होती, लेकीले. 'माय सिरियस, लगेच ये.' मी वाजवली. पोच यायची होती. ड्युटी संपली होती, खाप्याची गाडी सुटत होती. मी म्हटलं, गेली असन. नव्हती गेली. तिकडची लाइनच मेली होती. लेक तिसऱ्या दिवशी आली." त्यांनी मनगटावरचं घड्याळ फिरवलं. "बाप्या मले काही बोलला नाई. बोलला असता तं बरं झालं असतं."

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. मी शिक्षिकेसारखी बोलले. "तिकडे तुम्हाला दुसरं टोक दिसत नव्हतं. इथे दिसतं आहे. कागद ट्रेमध्ये पडतो, तीच पोच. ती या प्रिंटरच्या तोंडून का हवी? तो मुका आहे, खोटारडा नाही."

टकटक नाही. बोट थांबलं होतं.

मला राग आला. "नरखेडच्या आजींचा तास जातोय, आणि तुम्ही एका यंत्राकडून 'पोचलं' म्हणवून घ्यायला बसलात! आयुष्यात एकदा तरी काही पाठवलंय का तुम्ही, पोच न मागता?"

तारबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चष्म्याकडे पाहिलं असं म्हणायला हवं, पण ते मला आज कळतं. बराच वेळ पाहिलं.

"एक पाठवून राहिली," त्या म्हणाल्या. "दर बुधवारी."

"काय?"

"सांगा अक्षरं. कोनता शब्द आहे तो?"

मी सांगितली. यू, एन, आय, डी, आय, आर. त्यांनी एकेका बोटाने, किल्ली दाबावी तशी, सहा अक्षरं दाबली. मग त्या यादीवरून वर-खाली नजर फिरवली. जगभरचे हट्टी, बहिरे, मुके प्रिंटर ओळीने मांडलेले, आणि शेवटी आमचा.

"आपल्यासारखे बहुत आहेत जी," त्या म्हणाल्या.

गुरुवारी दहाला अध्यक्षबाई स्वतः आल्या. फोनवर घड्याळ लावून खुर्चीत बसल्या. तारबाईंनी पहिलं पान पाठवलं. ते ट्रेमध्ये पडलं आणि दिवा लुकलुकायच्या आत दुसरं यायला लागलं. मग तिसरं. तो जुना जीव असा काही धावायला लागला की टेबल थरथरत होतं. मी चौदा गठ्ठे लावत होते, माझे हात पुरेनात. तेवढ्यात एक पान अडकलं. अध्यक्षबाई पुढे झुकल्या. तारबाईंनी झाकण उघडलं, पान ओढलं, तेवढंच पुन्हा पाठवलं. एक तार, एक पान. बाकीचं काही बिघडलं नाही.

शेवटचं पान नरखेडच्या आजींचं. अकराला वीस मिनिटं कमी होती.

"मानलं, बाई," अध्यक्षबाई हसून म्हणाल्या. "आता तुम्ही जिंकलात."

"जिंकाचं काय त्यात? खोली घ्या. मुली उन्हात आहेत. फक्त गुरुवारी दहा ते अकरा मागू नका. पुढेही मागू नका."

"पुढचं पुढे बघू ना."

"नाई. आता म्हना."

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी गठ्ठ्यांना टाचण्या लावत होते, मान वर केली नाही. "बरं, नाही मागणार," त्या म्हणाल्या.

"पोचलं."

त्यानंतर छपाई तासाच्या आत होऊ लागली आणि तारबाई थोड्या उदास झाल्या. वाट बघायला काही उरलं नव्हतं. प्रत्येक पान ट्रेमध्ये पडलं की त्या त्याच्यावर हात ठेवायच्या, गरम आहे का बघितल्यासारखा, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायच्या. काय ते मला ऐकायची गरज नव्हती.

एक सांगायचं राहिलं. छापण्याआधी अंक तपासायचं काम माझं. तपासायची प्रत तारबाई मला आदल्या दिवशी घरी आणून देत. ती प्रत नेहमी मोठ्या अक्षरात असे. मी एकदा कुरकुर केली. "मला एवढं मोठं कशाला? कागद वाया जातो."

"प्रिंटर म्हातारा आहे, मॅडम. बारीक अक्षर फुटते त्याच्यात," त्या म्हणाल्या. मला ते पटलं. ठिपके निम्मे केले होते ना.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्या खाप्याला पुतण्याकडे गेल्या, तब्येतीमुळे. कन्हान नदीवरून येणारी हवा बरी वाटते म्हणाल्या. फोनवर बोलायच्या, दर गुरुवारी रजिस्टरातली चौदा मापं वाचून दाखवायच्या. माझ्या भाषणातली विशेषणं तिथूनही मोजायच्या. आणि एक दिवस पुतण्याचा फोन आला. त्याने "हॅलो" म्हटलं, तेव्हाच मला कळलं.

रजिस्टर त्याने पाठवून दिलं. आता अंक मला एकटीला काढायचा होता, मापं हवी होती. मी टेबलाशी बसून एकेक पान उलटलं. इंजिनिअरसाहेब, अठ्ठावीस. नरखेडच्या आजी, छत्तीस, "दार लावून वाचते, बेल वाजवू नये." चौदा नावं झाली. पान उलटलं तर पंधरावं होतं.

"मॅडम. २२. वाक्यं स्वतःच लिहिली, म्हनून वाचली. सांगू नये. पोच नको."

शाईवरून नोंद जुनी होती. प्रिंटर संथ होण्याच्याही आधीची, मी माप दिलं त्याच दिवसाची. मी न थांबता वाचलेल्या त्या ओळी माझ्याच होत्या. तुरीची डाळ माझी, मीठ माझं. मी इंजिनिअरसाहेबांवर हसले होते.

तुम्ही दोघं मला शिस्तीची म्हणता. शिस्तीच्या बाईने डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला हवं होतं. मी गेले नव्हते. बसवरच्या पाट्या हल्ली नीट लिहीत नाहीत असं म्हणून मी मेट्रोने जायला लागले होते. पुस्तकांची छपाई हल्ली फिकट झाली असं सगळ्यांना सांगत होते. आणि ती बाई, जी फोनवरसुद्धा पोचेशिवाय कोणाला सोडत नसे, दर बुधवारी माझ्या दाराशी येऊन बावीसच्या अक्षरातले कागद ठेवून जात होती आणि प्रिंटरवर आळ घेत होती.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले. काय सांगितलं ते तुमच्या आईला माहीत आहे. थोडं थांबवता येतं, परत आणता येत नाही. तिने तुम्हाला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. यात लपवण्यासारखं काही नाही. हळू आवाजात बोलण्यासारखं तर मुळीच नाही.

मागच्या महिन्यात वाचनालयाला नवा प्रिंटर भेट मिळाला. आवाज नाही, फोनवरून छापतो, पंधरा सेकंदांत आपली तब्येत सांगतो. अध्यक्षबाईंनी मोठ्या प्रेमाने दाखवला. "काकू, आता तो जुना काढू या. तुम्हाला किती त्रास."

"नवा पलीकडच्या खोलीत ठेवा. मुलींना कामाला येईल. हा चालतो आहे."

"पण कधीतरी बंद पडेलच ना?"

"मीही पडेन. आज गुरुवार आहे, दहा वाजलेत. तुम्ही शब्द दिला होता."

त्या हसल्या आणि दार ओढून घेऊन गेल्या. त्या वाईट नाहीत. फक्त आवरायची घाई असते त्यांना, आणि आवरताना जुनी माणसं आधी हाताला लागतात.

तर हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. त्या दिवशी तुम्ही जे हसलात, त्याबद्दल माझा राग नाही. पण मी तो प्रिंटर फेकणार नाही. त्याने कोणालाही "मिळालं" असं म्हटलेलं नाही आणि एकही गुरुवार चुकवलेला नाही.

माझ्या जुन्या पत्रांना तुमची उत्तरं उशिरा येतात. काहींना आलीच नाहीत. पूर्वी मी त्यांची यादी ठेवत असे, तारखेसकट. ती यादी मी फाडली.

रजिस्टरातल्या माझ्या नोंदीतला बावीस काल मी खोडला. त्याच्या पुढे माझ्या हाताने सव्वीस लिहिलं. 'सांगू नये' हेही खोडलं. 'पोच नको' तेवढं ठेवलं.

हे पत्र सव्वीसच्या अक्षरात छापलं आहे. इतकी मोठी अक्षरं बघून तुम्हाला वाटेल, आजी ओरडते आहे. ओरडतेच आहे. उत्तर आलं तर वाचेन, छापून, माझ्या मापात, दार लावून. नाही आलं तरी पुढच्या गुरुवारी दुसरं पत्र निघेल. हे शेवटचं पान ट्रेमध्ये पडलेलं मी पाहिलं, त्यावर हात ठेवला. गरम आहे. पोचलं.